मॅक्रॉन यांचा मधला पक्ष आणि फ्रान्समधली न थांबणारी पडझड

गोदाकाठ | ७ ऑक्टोबर २०२५

काल सकाळी फ्रान्सचे पंतप्रधान सेबास्तियाँ लेकोर्नू यांनी राजीनामा दिला. मंत्र्यांची यादी रविवारी संध्याकाळी जाहीर झाली आणि सोमवारी सकाळी सरकारच उरलं नाही. मॅक्रॉन २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हापासूनचे हे सातवे पंतप्रधान. त्यातले चार तर जानेवारी २०२४ नंतरचे: गाब्रिएल आताल, मिशेल बार्निए, फ्रांस्वा बायरू आणि लेकोर्नू.

आपल्याकडच्या बातम्यांत याचं खापर कधी ल पेनबाईंच्या कडव्या उजव्यांवर फुटतं, कधी मेलांशों यांच्या कडव्या डाव्यांवर. दोघांनी मिळून सरकारं पाडली आहेत, यात वाद नाही. पण मला मूळ दुखणं मधल्या पक्षात दिसतं. मॅक्रॉन यांनी मधली जागा काबीज केली ती दोन्ही बाजूंचे जुने पक्ष रिकामे करून, आणि तिथे स्वतःचा पक्ष मात्र कधी उभा केलाच नाही. बहुमत होतं तोवर हे झाकलं गेलं.

थोडं मागे जाऊ. एप्रिल २०१६ मध्ये मॅक्रॉन यांनी आमियां या आपल्या जन्मगावी ‘आँ मार्श’ची घोषणा केली. तेव्हा ते समाजवादी राष्ट्राध्यक्ष ओलांद यांचे अर्थमंत्री होते. वर्षभरात, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांनी मारीन ल पेन यांना ६६ विरुद्ध ३४ टक्क्यांनी हरवलं. पुढच्याच महिन्यात नॅशनल असेंब्ली या कनिष्ठ सभागृहाच्या ५७७ पैकी ३०८ जागा त्यांच्या पक्षाला मिळाल्या. बायरू यांचा मोदेम पक्ष धरून ३५०. उमेदवारीचे अर्ज इंटरनेटवरून मागवले होते. निम्म्या उमेदवार स्त्रिया होत्या आणि कितीतरी जण आयुष्यात पहिल्यांदाच निवडणुकीला उभे होते. राजकारणात नवी माणसं यावीत ही त्यामागची तळमळ मला तेव्हाही पटली होती, आजही पटते.

पण त्याच वेळी दुसरीकडे काय झालं ते बघा. समाजवादी पक्षाचे उमेदवार २०१७ मध्ये ६ टक्क्यांवर आले, २०२२ मध्ये पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो १.७५ टक्क्यांवर. उजवीकडच्या रिपब्लिकनांच्या व्हालेरी पेक्रेस २०२२ मध्ये ४.८ टक्क्यांवर अडकल्या. तिथे ५ टक्क्यांच्या खाली गेलात की प्रचाराच्या खर्चाची मोठी भरपाई बुडते. निकालानंतर पेक्रेसबाईंना लोकांपुढे वर्गणीसाठी हात पसरावे लागले. द गॉल यांचा वारसा सांगणाऱ्या पक्षाची ही गत! सत्तेवर रागावलेल्या मतदाराला मग जायला दोन टोकंच उरली.

आणि मधला पक्ष रुजला का? २०२० च्या नगरपालिका निवडणुकांत मोठी शहरं हाती लागली नाहीत. २०२१ मध्ये एकही प्रदेश जिंकता आला नाही. सिनेटमध्ये उजव्यांचं वर्चस्व तसंच राहिलं. गावचा महापौर, प्रदेशाचा सदस्य, सिनेटर ही जी साखळी फ्रेंच पक्षांना वाईट दिवसांत तारते, ती इथे जुळलीच नाही.

२०२२ मध्ये मॅक्रॉन पुन्हा निवडून आले, पण जूनमध्ये असेंब्लीतलं बहुमत गेलं. बहुमताला २८९ लागतात, त्यांच्या आघाडीचे २५० च्या आसपास होते. पंतप्रधान एलिझाबेत बोर्न यांनी राज्यघटनेचं कलम ४९-३ (मतदानाशिवाय विधेयक मंजूर करून घ्यायची सोय) तब्बल २३ वेळा वापरून कारभार रेटला. त्यातलं सर्वांत वादग्रस्त म्हणजे मार्च २०२३ मधलं निवृत्तीवय ६२ वरून ६४ करणारं विधेयक. त्यावरचा अविश्वास ठराव अवघ्या ९ मतांनी हुकला. कायदा झाला, पण लोकांच्या मनातून सरकार उतरलं ते कायमचंच.

मग ९ जून २०२४. युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ल पेन यांच्या नॅशनल रॅलीला ३१ टक्के, मॅक्रॉन यांच्या यादीला १५ सुद्धा नाहीत. त्याच रात्री मॅक्रॉन यांनी असेंब्ली बरखास्त केली. ७ जुलैला जी नवी असेंब्ली आली तिचे तीन तुकडे: डाव्यांची आघाडी सर्वांत मोठी, मग मधले, मग नॅशनल रॅली आणि साथीदार. २८९ च्या जवळपासही कोणी नाही. आज जे चाललंय ते तिथून सुरू झालं.

---

सह्यकडा | ७ ऑक्टोबर २०२५

चांगला धागा. एक अगदी मुळातली शंका. बहुमत नसताना पंतप्रधान नेमला जातोच कसा? आपल्याकडे राज्यपाल किंवा राष्ट्रपती सभागृहात बहुमत सिद्ध करायला सांगतात. तिथे विश्वासदर्शक ठराव नसतो का? आणि हे ४९-३ नेमकं चालतं कसं?

---

गोदाकाठ | ७ ऑक्टोबर २०२५

सह्यकडा, तुम्ही गाठीवरच बोट ठेवलंत.

कलम ८ प्रमाणे पंतप्रधान राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्यासाठी असेंब्लीचं मत घ्यावंच लागतं असं नाही. नव्या पंतप्रधानाने पहिलं धोरणविषयक भाषण करून विश्वास मागावा अशी पद्धत आहे, पण अल्पमतातल्यांनी तो मागायचं टाळलं आहे. म्हणजे तिथे सरकारच्या बाजूने बहुमत असावं लागत नाही, विरोधात बहुमत नसलं की झालं.

आता ते विरोधातलं बहुमत कसं मोजतात ते बघा. अविश्वास ठरावावर फक्त ठरावाच्या बाजूची मतं मोजली जातात. गैरहजर राहिलेला, तटस्थ बसलेला प्रत्येक खासदार आपोआप सरकारच्या पारड्यात. ठराव मंजूर व्हायला एकूण सभासदसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत.

४९-३ चा उपयोग यातूनच येतो. पंतप्रधान उभे राहून सांगतात की या विधेयकावर मी सरकार पणाला लावतो. त्या क्षणी चर्चा थांबते, मतदान होत नाही. २४ तासांत अविश्वास ठराव दाखल झाला नाही, किंवा झाला आणि पडला, तर विधेयक मंजूर झालं असं धरतात. अर्थसंकल्पाच्या आणि सामाजिक सुरक्षेच्या विधेयकांवर हे हवं तितक्या वेळा करता येतं. इतर विधेयकांपैकी २००८ पासून एका अधिवेशनात एकाच विधेयकावर.

१९५८ मध्ये द गॉल आणि मिशेल दब्रे यांनी हे मुद्दाम लिहून घेतलं. त्याआधीच्या चौथ्या प्रजासत्ताकात १२ वर्षांत वीसहून अधिक सरकारं आली-गेली होती. असेंब्लीने रोज उठून सरकार पाडू नये, हा हेतू. तो साधलाही. १९६२ मध्ये पाँपिदू यांचं सरकार पडलं, त्यानंतर थेट ४ डिसेंबर २०२४ ला बार्निए पडले, ३३१ मतांनी. मधली ६२ वर्षं एकही नाही.

घटनेत दोष आहे असं मला म्हणूनच वाटत नाही. तिने तडजोड न करता राज्य चालवायची सोय दिली, आणि मॅक्रॉन यांच्या लोकांना ती सोय संपल्यावर काय करायचं हे शिकायला वेळच मिळाला नाही. समाजवादी राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांनी १९८६ मध्ये उजव्या शिराक यांना, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या शिराक यांनी १९९७ मध्ये समाजवादी जोस्पँ यांना पंतप्रधान केलं. विरोधक निवडून आले, त्यांच्या हाती कारभार दिला, स्वतः बाजूला झाले. २०२४ मध्ये डाव्या आघाडीने ल्युसी कास्ते यांचं नाव पुढे केलं तेव्हा मॅक्रॉन यांनी ‘हे सरकार लगेच पडेल’ या कारणाने नकार दिला. मग नेमलं कोणाला? बार्निए यांना, ज्यांच्या पक्षाच्या गटात पन्नास खासदारही नव्हते. ते सरकारही तीन महिन्यांत पडलंच.

---

रेवती_ल्यों | ८ ऑक्टोबर २०२५

हे सगळं इथे राहून बघताना कसं वाटतं ते लिहिते. मी बरीच वर्षं ल्योंजवळ राहते, नागरिकत्वही घेतलंय.

७ जुलै २०२४ ला मी मतमोजणीला बसले होते. इथे मोजणी त्या-त्या मतदान केंद्रावरच होते आणि ती गावातले मतदारच करतात. मत देऊन बाहेर पडताना विचारतात, संध्याकाळी थांबाल का? चौघांचं एक टेबल. समोर शंभर-शंभर पाकिटांचे गठ्ठे. एकाने पाकीट उघडायचं, दुसऱ्याने आतली चिठ्ठी उलगडून नाव मोठ्याने वाचायचं, उरलेल्या दोघांनी आपापल्या तक्त्यावर रेघा ओढायच्या. दोघांच्या बेरजा जुळल्या पाहिजेत, नाहीतर गठ्ठा पुन्हा.

आमच्याकडे दुसऱ्या फेरीत मॅक्रॉनवाला आणि नॅशनल रॅलीवाला असे दोघेच होते. तिसऱ्या क्रमांकावरच्या डाव्या उमेदवाराने माघार घेतली होती. देशभर दोनशेहून अधिक उमेदवारांनी अशीच माघार घेतली, कडव्या उजव्यांविरुद्धची मतं फुटू नयेत म्हणून. माझ्या शेजारी तक्ता भरायला एक शिक्षिका होत्या. निवृत्तीवयाच्या कायद्याविरुद्धच्या प्रत्येक मोर्चात गेलेल्या. त्यांनी मला हळूच सांगितलं, आज मी त्याच लोकांना मत दिलंय. अधूनमधून रिकामी पाकिटं निघत होती. ज्यांना तेवढंही जमलं नाही, त्यांची. मॅक्रॉन यांच्या पक्षाच्या कितीतरी जागा त्या रात्री अशा मतांवर वाचल्या.

आणि दोन महिन्यांनी बार्निए आले. त्यांचं सरकार टिकणार की नाही हे कोणाच्या हाती होतं? नॅशनल रॅलीच्या. ज्यांना अडवायला त्या शिक्षिकेने मन मारून मत दिलं, त्यांच्याच मर्जीवर सरकार उभं केलं गेलं. त्या बाईंचा संताप मी विसरू शकत नाही. इथे लोक ‘अस्थिरता’ वगैरे म्हणत नाहीत. आमच्या मताचं काय केलंत, असं विचारतात.

गोदाकाठ, पक्ष रुजला नाही हे तुमचं म्हणणं तर आमच्या ल्योंत डोळ्यांसमोर घडलं. जेरार कोलों हे इथले अनेक वर्षांचे समाजवादी महापौर. मॅक्रॉन यांच्या मागे सर्वांत आधी उभे राहिलेल्या बड्या नेत्यांपैकी एक, मग २०१७ मध्ये गृहमंत्री. २०१८ मध्ये राजीनामा देऊन परत आले. २०२० मध्ये इथल्या मॅक्रॉनवाद्यांत दोन तट पडले, दुसऱ्या फेरीत कोलों यांनी उजव्यांशी हातमिळवणी केली, पक्षाने त्यांचा पाठिंबा काढला आणि शहर हिरव्या पक्षाकडे गेलं. मॅक्रॉन यांना आयतं मिळालेलं शहर तीन वर्षांत हातचं गेलं.

---

निशिगंधा०७ | ८ ऑक्टोबर २०२५

रेवतीताई, मोजणीचा प्रसंग फार आवडला. रिकामी पाकिटं वेगळी मोजतात का?

---

रेवती_ल्यों | ८ ऑक्टोबर २०२५

हो, २०१४ पासून कोरी मतं वेगळी मोजून जाहीर करतात. पण वैध मतांत धरत नाहीत, त्यामुळे टक्केवारी बदलत नाही. ती धरावीत अशी मागणी इथे नेहमी होते.

---

अनुस्वार | ८ ऑक्टोबर २०२५

माझं मत वेगळं आहे. तुम्ही सगळे माणसं आणि पक्ष बघताय, मला आकडे दिसतात.

फ्रान्सची २०२४ ची तूट सकल उत्पन्नाच्या ५.८ टक्के. युरोपीय संघाची मर्यादा ३ टक्के. कर्ज ३.३ लाख कोटी युरोच्या वर, म्हणजे उत्पन्नाच्या ११४ टक्क्यांच्या आसपास. गेल्या महिन्यात फिच या पतमापन संस्थेने दर्जा खाली आणला. अशा वेळी जो कोणी पंतप्रधान होईल त्याला कोणाच्या तरी पोटावर पाय द्यावाच लागणार, आणि ज्याच्या पोटावर येईल तो सरकार पाडणार. बार्निए सामाजिक सुरक्षेच्या अर्थसंकल्पावर पडले. बायरू यांनी जुलैत सुमारे ४४ अब्ज युरोची काटछाट मांडली, त्यात ईस्टरचा सोमवार आणि ८ मे या दोन सुट्ट्या रद्द करायचं होतं. त्यावरून एवढं रान पेटलं की त्यांनी स्वतःच विश्वासमत मागितलं आणि ८ सप्टेंबरला ३६४ विरुद्ध १९४ असे हरले. इथे मधला पक्ष असता काय, डावा असता काय, गणित तेच.

उलट मी म्हणेन की निवृत्तीवय वाढवायचं धैर्य मॅक्रॉन यांनीच दाखवलं. माणसं जास्त जगतात, काम करणारे कमी होत जातात, हे कोणी तरी सांगायला हवंच होतं.

---

गोदाकाठ | ८ ऑक्टोबर २०२५

अनुस्वार, आकडे बरोबर आहेत आणि ते माझ्या लेखात यायला हवेत इतके महत्त्वाचे आहेत. पण ते असेच का झाले, हा प्रश्न उरतोच. आठ वर्षं अर्थखातं कोणाकडे होतं? बहुतांश काळ ब्रुनो ल मेर, म्हणजे याच आघाडीकडे. कोविड आणि ऊर्जेच्या महागाईवर झालेला खर्च समजण्यासारखा आहे. पण २०१८ मध्ये संपत्तीकर काढून त्याजागी फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर ठेवला, तेव्हाच मॅक्रॉन यांना ‘श्रीमंतांचे राष्ट्राध्यक्ष’ हे नाव चिकटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंधनावरच्या करावरून पिवळ्या जाकिटांचं आंदोलन पेटलं. गावाकडे बस नाही, रेल्वे बंद झालेली, कामावर जायला गाडीच लागते, अशी माणसं चौकाचौकांत उभी राहिली.

आताही तेच. १० कोटी युरोच्या वरच्या संपत्तीवर निदान २ टक्के कर लावा असं अर्थतज्ज्ञ गाब्रिएल झुकमान मांडतात, डावे त्यावर अडून आहेत. तो प्रस्ताव जसाच्या तसा घ्या असं मी म्हणत नाही, पैसा देशाबाहेर जाण्याची भीती खोटी नाही. पण सुट्ट्या सगळ्यांच्या रद्द करायच्या आणि या विषयावर चर्चाही नको, ही भूमिका घेऊन समाजवाद्यांची ६०-७० मतं कशी मिळणार? तूट हे भांडणाचं निमित्त आहे. एकत्र बसून ती कोणी किती सोसायची हे ठरवता न येणं, हे दुखणं.

ल मेर यांच्यावरून आठवलं. परवाचं सरकार पडलं ते त्यांनाच संरक्षणमंत्री केल्यामुळे. रिपब्लिकनांचे प्रमुख रतायो, जे स्वतः त्याच यादीत गृहमंत्री होते, त्यांनी यादी जाहीर होताच जाहीर नाराजी व्यक्त केली.

---

दर्यावर्दी | ९ ऑक्टोबर २०२५

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे फ्रान्सचं नाव निघतं ते जैतापूरसाठी. सहा अणुभट्ट्या, ९९०० मेगावॅट, आधी अरेवा कंपनी, आता ईडीएफ. पॅरिसमध्ये दर चार महिन्यांनी पंतप्रधान बदलत असेल तर अशा कराराचं काय होतं? राफेल, पाणबुड्या यांचंही?

---

गोदाकाठ | ९ ऑक्टोबर २०२५

दर्यावर्दी, परराष्ट्र आणि संरक्षण ही दोन खाती पाचव्या प्रजासत्ताकात, म्हणजे १९५८ च्या घटनेपासून, परंपरेने राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतली मानली जातात. पंतप्रधान कोणीही असो, तिथे धोरण बदलत नाही. मार्च २०१८ मध्ये मॅक्रॉन दिल्लीत आले तेव्हा जैतापूरच्या वाटचालीचा करार झाला, एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. तेव्हापासून गाडी अडली आहे ती विजेचा दर, कर्जाची सोय आणि अपघातानंतरच्या दायित्वाचा भारतीय कायदा यांवर. त्याचा लेकोर्नू यांच्या जाण्याशी संबंध नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. २०२३ पासून ईडीएफ पूर्णपणे सरकारी मालकीची आहे. स्वतःच्या देशात नव्या अणुभट्ट्या बांधायचा मोठा कार्यक्रम तिच्या डोक्यावर आहे. सरकारची तिजोरी आवळली गेली तर परदेशातल्या प्रकल्पाला किती सवलतीचं कर्ज देता येईल, यावर परिणाम होऊ शकतो.

---

पिंपळपान | ९ ऑक्टोबर २०२५

मॅक्रॉन राजीनामा का देत नाहीत? आणि पक्षातले लोक अजून त्यांच्यामागे का आहेत? आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा आहे का तिथे?

---

गोदाकाठ | ९ ऑक्टोबर २०२५

पक्षांतरबंदी नाही. खासदाराने पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष त्याला गटातून काढू शकतो, खासदारकी जात नाही.

राजीनामा द्यायचं बंधन नाही, मुदत मे २०२७ पर्यंत आहे. कलम ६ मुळे सलग तिसऱ्यांदा उभं राहता येत नाही. आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: लोक त्यांच्यामागे उरलेले नाहीत. सोमवारी आताल टीव्हीवर म्हणाले की राष्ट्राध्यक्षांचे निर्णय आता मलाही समजत नाहीत. आताल म्हणजे ज्यांना मॅक्रॉन यांनी ३४ व्या वर्षी पंतप्रधान केलं आणि जे आज रनेसाँसचे (हे पक्षाचं २०२२ पासूनचं नाव) सरचिटणीस आहेत. मंगळवारी एदुआर फिलिप, मॅक्रॉन यांचे पहिले पंतप्रधान, यांनी त्याहून पुढे जाऊन सुचवलं की अर्थसंकल्प मंजूर करून घेऊन मॅक्रॉन यांनी मुदतीआधी निवडणूक घ्यावी. फिलिप यांनी ऑरिझाँ हा आपला पक्ष २०२१ मध्येच वेगळा काढला, तोही आपल्या ल हाव्र शहरात, जिथले ते महापौर आहेत. पायाखाली स्वतःची जमीन असलेला या सगळ्यांतला हाच एक नेता, आणि तो आधीच वेगळी चूल मांडून बसला आहे.

जुन्या पक्षांत नेता गेला की पक्ष उरायचा. मित्तराँ गेले, समाजवादी राहिले. शिराक गेले, उजवे राहिले. इथे नेत्याला पुढे उभं राहता येत नाही म्हटल्यावर प्रत्येकाने स्वतःची वाट धरली. याचंच मला खरं वाईट वाटतं, कारण युरोपच्या बाजूने, युक्रेनच्या बाजूने ठाम बोलणारा हा गट आहे आणि तो विरघळला तर ती भूमिका फ्रान्समध्ये कोण इतक्या जोरात मांडणार?

---

निशिगंधा०७ | ९ ऑक्टोबर २०२५

+१. शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत.

---

रेवती_ल्यों | १७ ऑक्टोबर २०२५

धागा खाली गेला होता, वर काढते. शुक्रवारी, १० तारखेला रात्री मॅक्रॉन यांनी पुन्हा लेकोर्नू यांनाच नेमलं. इथे लोकांचा विश्वास बसेना. पण १४ तारखेच्या भाषणात लेकोर्नू यांनी एक मोठी गोष्ट केली: निवृत्तीवयाचा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीपर्यंत स्थगित. समाजवाद्यांची मुख्य अट हीच होती. काल दोन अविश्वास ठराव होते. मेलांशों यांच्या पक्षाच्या ठरावाला २७१ मतं पडली, हवी होती २८९. समाजवादी तटस्थ राहिले, काही जण सोडून.

माझ्या त्या शिक्षिका मैत्रिणीला काल फोन केला. तिचं म्हणणं, पहिल्यांदाच कोणी तरी काही परत दिलंय. ती खूश आहे असं नाही. पण २०२३ च्या मोर्चांचा कोणाला तरी हिशेब द्यावा लागला, हे तिला महत्त्वाचं वाटतं. मलाही.

---

अनुस्वार | १८ ऑक्टोबर २०२५

आणि काल रात्री एस अँड पी नेही दर्जा उतरवला. मुदतीच्या आधीच, न थांबता. स्थगितीचे पैसे कुठून येणार, याचं उत्तर कोणी देत नाही. रेवतीताई, तुमच्या मैत्रिणीची भावना मी समजू शकतो, पण २०२८ मध्ये हेच बिल नव्या राष्ट्राध्यक्षासमोर येईल, व्याजासकट.

---

गोदाकाठ | १८ ऑक्टोबर २०२५

येईल, आणि त्या वेळी निवडणुकीत यावर मत घेऊन आलेला माणूस त्याचा निर्णय करेल. ४९-३ ने लादलेल्या कायद्यापेक्षा ते मला जास्त टिकाऊ वाटतं. जर्मनीत निवडणुकीनंतर पक्ष कित्येक आठवडे बसून आघाडीचा लेखी करार करतात. फ्रान्समध्ये २०२४ च्या जुलैत ते व्हायला हवं होतं. तीन सरकारं आणि सव्वा वर्ष घालवून आता कुठे समाजवाद्यांशी देवाणघेवाण सुरू झाली आहे, तीही लेखी काहीच नसताना.

---

सह्यकडा | २७ डिसेंबर २०२५

पुढे काय झालं? अर्थसंकल्प झाला का शेवटी?

---

रेवती_ल्यों | २७ डिसेंबर २०२५

अर्धा झाला. सामाजिक सुरक्षेचा अर्थसंकल्प १६ डिसेंबरला २४७ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झाला, ४९-३ न वापरता. लेकोर्नू यांनी तसा शब्द दिला होता. गंमत म्हणून नाही, गंभीरपणे सांगते: त्याआधी ९ तारखेला याच विधेयकावर झालेल्या मतदानात समाजवाद्यांनी बाजूने मत दिलं आणि फिलिप यांच्या ऑरिझाँचे बहुतेक खासदार तटस्थ राहिले. सरकारला वाचवलं विरोधकांनी, हात आखडता घेतला घरच्यांनी. मुख्य अर्थसंकल्पावर मात्र दोन्ही सभागृहांचं जमलं नाही. तेव्हा कर गोळा करायला आणि कर्ज उभारायला परवानगी देणारा खास कायदा २३ तारखेला करून घेतला. जानेवारीत पुन्हा सुरुवात.

आणि मार्चमध्ये, १५ आणि २२ तारखेला, देशभर नगरपालिकांच्या निवडणुका आहेत. आमच्या ल्योंत हिरव्या महापौरांसमोर उभे आहेत जाँ-मिशेल ओलास, ऑलिंपिक ल्यों या फुटबॉल क्लबचे कित्येक वर्षं अध्यक्ष राहिलेले उद्योजक. त्यांच्यामागे रिपब्लिकन आहेत, फिलिप यांचा पक्ष आहे आणि रनेसाँसही आहे. जिथून मॅक्रॉन यांना पहिला मोठा महापौर मिळाला, त्या शहरात आठ-नऊ वर्षांनी त्यांच्या पक्षाला स्वतःचा उमेदवार उभा करता आलेला नाही.